झाडू हाती घेणाऱ्यांनो, धर्मशाळेचे काय?

धाराशिव जिल्ह्यात आश्विन महिना लागला की रस्त्यांवर दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. पहिली तुळजापूरला निघालेली. नवरात्रात आणि पुढे कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून, मराठवाड्याच्या गावागावांतून ती चालत येतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला मांडव पडतात. चहा, केळी, पाणी, पायाला चोळायला तेल, सारे फुकट मिळते. दुसरी माणसे त्यानंतर थोड्याच दिवसांत भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून बाहेर पडतात. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, चुलीची लाकडे, एखादी शेळी आणि या साऱ्यावर बसलेली पोरे. ही ऊसतोडीला निघालेली माणसे. यांच्यासाठी कुणी मांडव घालत नाही.

दोघांनीही घर सोडलेले आहे. पहिल्याने नवसासाठी सोडले, दुसऱ्याने उचल फेडण्यासाठी. पहिला आठ दिवसांत घरी परततो, दुसरा पाच-सहा महिन्यांनी, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. आमच्या गावोगावच्या महाराजांना, बुवा-बापूंना यातला पहिला माणूस दिसतो आणि दुसरा दिसत नाही. प्रवचनात मात्र हे सारे जग एक कुटुंब असल्याचे सांगतात. जग कुटुंब असेल तर साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होणारी बाई या कुटुंबाची कोण लागते, असा प्रश्न आम्हाला पडतो.

धर्माचे नाव घेऊन बोलणाऱ्या माणसाची उक्ती आणि कृती एक आहे की नाही, हे तपासायचे कसे? देवळाच्या गाभाऱ्यात ते कळत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर उरलेले नाही, अशा माणसाशी तो कसा वागतो, त्यावरून ते कळते. या कसोटीला उतरलेला एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव गाडगेबाबा. दरवर्षी २३ फेब्रुवारीला आणि २० डिसेंबरला त्यांच्या नावाने हाती झाडू घेऊन फोटो काढले जातात. सन २००० पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे सरकारी अभियानही सुरू झाले. झाडू सगळ्यांनी उचलला, कारण झाडू हलका आहे. बाबांनी बांधलेल्या धर्मशाळा मात्र कुणाला उचलवल्या नाहीत. म्हणून बाबांचे आयुष्य आज आम्हाला धर्मशाळेच्या बाजूने सांगायचे आहे.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. जात परीट. वडील झिंगराजी दारूच्या नादाने संपले. डेबू तेव्हा अगदी लहान होता. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. बाबांच्या आयुष्यातले पहिले स्थलांतर हे असे झाले, दारूने घर मोडले म्हणून. पोरके पोर मामाच्या घरी गुरे राखत, शेतात राबत वाढले.

दुसरा घाव सावकाराचा. मामा चंद्रभान यांची जमीन कर्जाच्या पोटी सावकाराच्या घशात गेली. अंगठे उठवून घेतलेले कागद आणि त्यात वाढत जाणारा आकडा ही त्या काळच्या वऱ्हाडातल्या घराघराची कथा होती. मामा त्या धक्क्याने गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी त्यांना आडवा गेला, असे त्यांचे चरित्र सांगते. परंतु एकट्याच्या अंगातले बळ कागदाच्या बळापुढे किती टिकणार? दारू, कर्ज, निरक्षरता आणि सणावारी देवापुढे होणारी उधळण या चार गोष्टी माणसाला घराबाहेर काढतात, हे डेबूजीला कोणत्याही पोथीतून शिकावे लागले नाही. ते त्याच्याच घरात घडले होते. पुढे पन्नास वर्षे त्यांनी कीर्तनात याच चार गोष्टींवर घाव घातले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. घरात आई होती, पत्नी कुंताबाई होत्या, मुले होती. आम्ही या घटनेचे कौतुक डोळे मिटून करणार नाही. पुरुषाने संसार टाकून निघून जायचे आणि बाईने तो ओढायचा, ही या देशातल्या वैराग्याची जुनी रीत आहे. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे. परंतु घर सोडून बाबा कुठे गेले, हेही पाहिले पाहिजे. ते मठात बसले नाहीत. त्यांनी गुरू केला नाही, शिष्य केले नाहीत, गादी स्थापली नाही. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला ते पळवून लावत. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात काठी किंवा खराटा, आणि जेवायला व पाणी प्यायला फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना नाव दिले.

गावात शिरले की बाबा आधी रस्ते झाडत. कुणाकडे भाकरी मागायची तर त्याचे काहीतरी काम करून द्यायचे, लाकडे फोडायची, अंगण झाडायचे, आणि मग भाकरी घ्यायची. हा भिक्षेकऱ्याचा नव्हे, मजुराचा रिवाज आहे. गावात परका म्हणून आलेला मजूर जसा आधी काम दाखवतो आणि मग पोटाला मागतो, तसेच बाबा वागत. अनोळखी माणसाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, कुत्री कशी अंगावर सोडली जातात, चोर म्हणून कसे धरले जाते, हे त्यांनी स्वतः सोसले. आजचा महाराज गावात येतो तेव्हा बिदागीचा आकडा आधी ठरतो, गाडी वेशीपर्यंत आणायला जाते आणि मुक्कामाची खोली आधी पाहिली जाते. असा माणूस व्यासपीठावरून गरिबीवर बोलतो तेव्हा ते शब्द ऐकणाऱ्याला फुकट वाटतात, कारण त्या शब्दांसाठी बोलणाऱ्याने काही मोजलेले नसते.

तीर्थयात्रेच्या बाबतीत बाबांची उक्ती आणि कृती वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध दिसते. कीर्तनात ते तीर्थयात्रेची खिल्ली उडवत. दगडाच्या मूर्तीत देव नाही, नदीत बुडी मारून पाप जात नाही, कर्ज काढून देवाला जाणारा माणूस मूर्ख आहे, नवसाला बकरे कापणे हा अधर्म आहे, असे ते हजारोंच्या समुदायाला प्रश्नोत्तरे करत पटवून देत. आणि तरी प्रत्येक मोठ्या यात्रेत ते हजर असत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, एकही जागा सुटली नाही. देवळात ते जात नसत. बाहेर वाळवंटात, घाटावर, घाणीत उभे राहून झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. मग त्याच तीर्थांच्या गावी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. यात्रेला जाऊ नका म्हणणाऱ्याने यात्रेकरूंसाठी घरे का बांधावीत?

आमच्या मते बाबांचा मोठेपणा नेमका इथे आहे. त्यांचे भांडण यात्रेशी होते, यात्रेकरूशी नव्हते. माणूस अज्ञानाने निघाला, भीतीने निघाला किंवा पोटासाठी निघाला, तरी रात्री त्याला पाठ टेकायला जागा लागते आणि त्याच्या पोराला पाणी लागते. विचार पटेपर्यंत त्याला उघड्यावर ठेवणे, ही शिक्षा झाली, प्रबोधन नव्हे. घर सोडून निघालेल्या माणसाला आधी छप्पर द्यायचे आणि मग त्याच छपराखाली त्याला निघण्याचे कारण विचारायचे, हा बाबांचा क्रम होता. आजचे अनेक पुढारी आणि धर्मपुढारी याच्या उलट क्रमाने चालतात. ते आधी विचारतात तू कुठला, कुणाचा, कशाला आलास, आणि उत्तर पटले तरच दार उघडतात.

बाबांचे पहिले मोठे बांधकाम विदर्भातील ऋणमोचनचे. तिथे पूर्णा नदीच्या काठी मोठी यात्रा भरे आणि नदीत उतरताना लोकांचे हाल होत. बाबांनी लोकवर्गणीतून आणि श्रमातून तिथे घाट उभा केला. त्यानंतर नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशी धर्मशाळांची रांग लागली. पैसा लोकांचा होता. एका बाजूला कीर्तन ऐकून दाम देणारे गोरगरीब आणि दुसऱ्या बाजूला शेठ-सावकार, असे दोन्ही देणारे होते. परंतु त्या पैशाला बाबांच्या घरच्यांचा हात लागला नाही. त्यांनी या संस्थांवर स्वतःचा किंवा वारसांचा हक्क ठेवला नाही. त्यासाठी विश्वस्त नेमले, कागद केले. अंगठ्याच्या एका कागदाने मामाची जमीन गेलेली पाहिलेल्या या निरक्षर माणसाने कागदाची ताकद ओळखली होती. ज्या कागदाने घरे बळकावली जातात, तोच कागद नीट केला तर घर कुणाला बळकावता येत नाही, हे त्यांनी दाखवले. १९२३ साली ते कोकणात खारेपाटण येथे असताना त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. याला कुणी कठोरपणा म्हणेल. स्वतःच्या लेकरासाठी वेगळे काही राखायचे नाही, हा नियम त्यांनी दुःखाच्या वेळीही मोडला नाही, असे आम्ही म्हणू.

आता पंढरपूर. आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने गाडगेबाबांकडे पाहावे ते इथून. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाका कुंभारांचे गाव. तेरहून पंढरपूरला पालखी जाते. याच गोरोबांच्या पिढीतले चोखामेळा. मंगळवेढ्याचे चोखोबा १३३८ साली गावकुसाच्या भिंतीचे काम करत असताना भिंत कोसळून त्याखाली गाडले गेले. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले, त्याच गावाचे कूस बांधताना ते मेले. वारकरी संप्रदायाने त्यांना संत म्हटले, त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या पायरीपाशी बांधली. परंतु त्यांच्या जातीच्या माणसाला त्या पायरीच्या वर पुढची सहाशे वर्षे जाता आले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. मुखाने समता आणि पायरीवर विषमता, हा उक्ती-कृतीतला फरक सहाशे वर्षे टिकला.

या सहाशे वर्षांत तेरहून, कळंबहून, बार्शीहून वारीला गेलेला महार-मांग माणूस पंढरपुरात रात्री झोपत कुठे होता? मठांत सवर्णांची सोय होती. बडव्यांच्या वाड्यांत पैसेवाल्यांची सोय होती. याची सोय चंद्रभागेच्या वाळवंटात, पावसात. हा प्रश्न फार थोड्या कीर्तनकारांनी विचारला. गाडगेबाबांनी विचारला आणि उत्तर म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली. मंदिराचे दार उघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही धर्मशाळा उभी होती.

इथे चळवळीतला कार्यकर्ता एक रास्त शंका काढील. चोखामेळ्याच्या नावाची वेगळी धर्मशाळा कशाला? पंढरपुरात बाबांनी मराठा धर्मशाळा बांधली, परीट धर्मशाळाही बांधली. मग हा जातिभेदच झाला की! शंका खरी आहे. जातवार उतरण्याचा रिवाज बाबांनी पंढरपुरात एका फटक्यात मोडला नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बाकी जातींचे मठ-वाडे कुणी ना कुणी बांधतच होते. ज्यांच्यासाठी कुणीच बांधणार नव्हते, त्यांच्यासाठी बाबांनी पक्की इमारत बांधली. कीर्तनात ते जातिभेदावर तुटून पडत, जात फक्त स्त्री आणि पुरुष एवढीच असे समजावत आणि शिवाशिव पाळणाऱ्याची भर सभेत फजिती करत. म्हणजे त्यांची वाणी समतेची होती, आणि हातांनी त्या समतेच्या दिशेने जेवढी वीट रचता येईल तेवढी ते रचत होते. ज्याच्या वाणीत समता आहे आणि हातात एकही वीट नाही, त्याच्याशी या माणसाची बरोबरी होऊ शकत नाही.

या धर्मशाळेचे पुढे काय झाले हे सांगण्याआधी थोडे कसबे तडवळ्याला जाऊ या. कारण घर सोडण्याचा विषय बाबासाहेबांच्या आयुष्यातही तितकाच मोठा आहे, आणि धाराशिव जिल्ह्याने तो त्यांच्या तोंडून ऐकलेला आहे.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या परिषदेला आले होते. परिषदेचा दुसरा दिवस म्हणजे २३ फेब्रुवारी, गाडगेबाबांच्या वयाला त्या दिवशी ६५ वर्षे पूर्ण झाली. हा योगायोग आहे, त्यात आम्हाला दैवी काही दिसत नाही. परंतु विषय एकच होता. वतन म्हणजे गावाशी बांधून ठेवणारा दोर. मूठभर धान्याच्या आणि तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची बिनमोल चाकरी. वतनदार माणूस गावात राहतो, पण गाव त्याचे नसते. घर आहे, पण ते कुसाबाहेर. अशा घरातून बाहेर पडणे ही मुक्ती आहे, असा बाबासाहेबांचा विचार होता. १९४८ साली घटना समितीत त्यांनी खेड्याचे जे वर्णन केले, त्यावर खेड्याचे गोडवे गाणारे सारे रागावले. पण तडवळ्याच्या, तेरच्या, येडशीच्या महारवाड्यात राहिलेल्या माणसाला त्यात एक शब्दही जास्त वाटला नसता.

गाव सोडा म्हणणे सोपे आहे. सोडणाऱ्याने जायचे कुठे? बाबासाहेबांनी याचे उत्तर शब्दांत ठेवले नाही. ते स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यांतून ट्रंक डोक्यावर घेऊन आलेल्या पोरांना तिथे शिक्षणाबरोबर राहायला जागा मिळाली, आणि त्या जागेने मराठवाड्यातल्या आंबेडकरी समाजाच्या दोन पिढ्या घडवल्या. गाव सोडा, हा उपदेश. सुटलेल्याला वसतिगृह, ही कृती. दोन्ही एकाच माणसाची.

आता त्या धर्मशाळेकडे परत येऊ. १९४९ साली गाडगेबाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. ते बाबांना भेटायला गेले. कुणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी बाबासाहेबांनी आणलेल्या घोंगड्या मात्र घेतल्या, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी याच साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. वाचकांनी या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. यात्रेकरूची धर्मशाळा विद्यार्थ्याचे वसतिगृह झाली. देवासाठी घर सोडलेल्या माणसाच्या जागी विद्येसाठी घर सोडलेला पोरगा आला. भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे बाबा कीर्तनात परोपरीने सांगत. ते सांगणे त्यांनी आपल्या हाताने बांधलेल्या इमारतीवर लागू करून दाखवले. आयुष्यभराच्या मेहनतीची वास्तू कोणताही महंत दुसऱ्याच्या संस्थेला अशी सहज देत नाही. मठांच्या मालकीवरून तर या देशात कोर्टकचेऱ्या चालतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेवरही बाबांचे असेच प्रेम होते. भाऊरावांचे सारे काम वसतिगृहापासून सुरू झालेले, सर्व जातींची पोरे एका छपराखाली. १९५४ साली भाऊरावांनी कऱ्हाडला कॉलेज काढले आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या माणसाचे नाव कॉलेजला लागले.

बाबांच्या कार्याचे सार म्हणून जी दहा सूत्रे सांगितली जातात, त्यांत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांबरोबर बेघराला आसरा, गरिबाच्या मुलाला शिक्षणासाठी मदत आणि बेकाराला रोजगार यांचाही समावेश आहे. ही सूत्रे सरकारी कार्यालयांच्या भिंतीवर रंगवलेली दिसतात. आसरा, शिक्षण आणि रोजगार ही तीन एका ओळीत मांडली की तो स्थलांतरित मजुराच्या मागण्यांचा कागद होतो. भुकेल्याच्या सूत्रावर अन्नदानाच्या पंगती उठतात. या तीन सूत्रांवर मात्र सारे गप्प.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे बाबांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. शिक्षणाने माणूस कुठे जातो याचे उदाहरण देताना बाबा त्यात बाबासाहेबांचे नाव घेतात, एका बापाने पोराला शिकवले आणि त्या पोराने देशाची घटना लिहिली, असे समजावून सांगतात. त्यानंतर महिन्याच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. लाखोंना छप्पर देणाऱ्या या माणसाला मरण प्रवासात, रस्त्यावर आले.

बाबांच्या कीर्तनात शेवटपर्यंत देवाचे नाव होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन जो मार्ग दिला, तो आमचा मार्ग आहे आणि तो वेगळा आहे. हा फरक आम्ही झाकत नाही. परंतु माणूस कोणत्या नावाने बोलतो यापेक्षा तो बोलल्याप्रमाणे वागतो का, हे पाहण्याची दृष्टी आम्हाला बुद्धानेच दिली आहे.

आता आजकडे या. धाराशिवच्या माणसाला घराबाहेर काढणारी साखळी तीच आहे. पावसाचा भरवसा नाही, जमीन तुकडाभर किंवा नाहीच. घरात लग्न, आजारपण, देवाचा कार्यक्रम. मग मुकादमाची उचल. उचल घेतली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच कोयता. दापुऱ्याच्या सावकाराच्या वहीत आणि मुकादमाच्या वहीत फरक एवढाच की तिथे जमीन गेली, इथे अंगातली ताकद जाते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्यातल्या साखर कारखान्यांच्या तळांवर लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकून पडले, तेव्हा ही माणसे आहेत हे शहरांना कळले. आणि लगेच विसरलेही गेले.

२०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना जाहीर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. धाराशिव जिल्हाही त्यात आहे. योजनेला नाव दिले संत भगवानबाबांचे. संताचे नाव दिले की काम झाले, असे होत नाही. नाव दिले म्हणजे देणाऱ्याने शब्द दिला. प्रत्येक तालुक्यात इमारत उभी आहे का, हंगाम सुरू होण्याआधी तिथे मुलांचे नाव लागते का, मुलींसाठी जागा आणि बाई आहेत का, हे विचारणे म्हणजे संताचा अपमान नव्हे. न विचारणे हा अपमान आहे.

आमचे काही प्रश्न जिल्ह्यातल्या महाराज मंडळींनाही आहेत. सप्ताहाच्या अन्नदानात शेकडो पोती शिजतात, ती चांगली गोष्ट आहे. त्याच गावातून कोयते निघतात त्या रात्री त्यांच्या म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या जेवणाचे पाहायला कुणी थांबते का? भक्तनिवासाच्या शंभर खोल्यांपैकी चार खोल्या हंगामात मजुरांच्या लेकरांच्या अभ्यासाला मिळतील का? कर्ज काढून जागरण-गोंधळ करू नका, असे एकदा तरी व्यासपीठावरून सांगाल का? बिदागी कमी होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. बाबांनी ते सांगितले, कारण त्यांची बिदागी भाकरीपुरती होती.

आणि हाच प्रश्न आम्ही आपल्या समाजबांधवांपुढेही ठेवतो. आज गावोगावी बुद्धविहारे उभी आहेत. वर्गणी काढून, राबून समाजाने ती उभी केली. वंदनेची वेळ सोडली तर अनेक विहारांना दिवसभर कुलूप असते. ऊसतोडीला गेलेल्या घरातली दोन-चार पोरे म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतात. त्यांना संध्याकाळी विजेच्या उजेडात बसायला जागा हवी, गावातला एक शिकलेला तरुण हवा आणि रात्री एक वेळचे जेवण हवे. शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहे जिथे चालतात तिथे ती नीट चालतात का हे पाहायला माणसे हवीत, आणि जिथे नाहीत तिथे विहाराची किल्ली हवी. पोर कोणत्या जातीचे, हा प्रश्न दारात विचारायचा नाही. मराठ्याचे, वंजाऱ्याचे, मातंगाचे, पारध्याचे, ज्याचे आई-बाप फडात आहेत त्याचे. चोखामेळा धर्मशाळा एका दिवसात वसतिगृह होऊ शकली, कारण ती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दृष्टी एक होती. विहाराचे वसतिगृह व्हायला तर धर्म बदलण्याचीही गरज नाही. विहार या शब्दाचा मूळ अर्थच भिक्खूंनी राहण्याची जागा असा आहे.

येत्या २३ फेब्रुवारीला जिल्ह्यात पुन्हा झाडू निघतील. निघू द्या, रस्ते साफ होतील. परंतु त्या दिवशी शेकडो कोयते अजून फडातच असतील आणि त्यांची पोरे गावात किंवा तळावर असतील. कसबे तडवळ्याच्या परिषदेचाही तोच दिवस. ज्यांना गाडगेबाबांचे आणि बाबासाहेबांचे नाव एका दमात घ्यायचे आहे, त्यांनी त्या दिवशी आपल्या गावातली अशी पोरे मोजावीत, त्यांची नावे वहीत लिहावीत आणि विहाराचे कुलूप काढावे. भाषण त्यानंतर करावे.